नवी नोंद की जुनीची दुरुस्ती?

वाराणसीच्या पंचगंगा घाटाविषयी एखाद्या वाचकाला माहिती हवी आहे, असे समजा. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम येथे मानला जातो. डोळ्यांना मात्र एकटी गंगाच दिसते. काशीच्या पाच प्रमुख तीर्थांत या घाटाची गणना होते. येथील बिंदुमाधवाचे प्राचीन मंदिर औरंगजेबाच्या कारकिर्दीत पाडले गेले व त्या जागी मशीद उभी राहिली. जुन्या प्रवासवर्णनांत तिच्या उंच मिनारांचे कौतुक आढळते. विसाव्या शतकात ते मिनार नाहीसे झाले. जुन्या पुस्तकावरून कोणी ‘हे मिनार दुरून दिसतात’ असे लिहिले, तर वाक्य सुबक असूनही नोंद चुकीची ठरते.

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला. तेथे कोणालाही लिहिता येते आणि दुसऱ्याचे लेखन सुधारताही येते. तरी बहुतेक नवख्या लेखकांचा ओढा नव्या नोंदीकडे असतो. हे स्वाभाविकच होय. नवी नोंद डोळ्यांत भरते, मुखपृष्ठावरील संख्या एकाने वाढते. दुरुस्ती मात्र ‘इतिहास’ या पानात मुकाट्याने पडून राहते. पण संख्या वाढली म्हणून ज्ञान वाढतेच असे नाही. ‘पंचगंगा घाट हा वाराणसीतील एक घाट आहे’ एवढेच सांगणारे पान वाचकाला रित्या हाताने परत पाठवते. शिवाय कोल्हापूरच्या पंचगंगा नदीलाही घाट आहे. दोन्ही स्थळांची सरमिसळ झाली, तर काशीची माहिती शोधणारा कोल्हापुरास पोहोचायचा!

मराठी वाचकांना या प्रश्नाचे एक जुने उदाहरण ठाऊक आहे. संत एकनाथांनी 1573 मध्ये वाराणसीत ‘एकनाथी भागवत’ पूर्ण केले. ही नवी निर्मिती. पुढे शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीन शतकांच्या नकलांमध्ये शिरलेले पाठभेद पाहून मूळ पाठ निश्चित करणे, हे काम स्वतंत्र रचनेइतके गाजणारे नव्हते. तरीही स्वतंत्र ग्रंथ रचण्याची प्रतिभा असलेल्या पुरुषाने ते हाती घेतले. त्या ग्रंथात कोणी नवी ओवी घालू नये, असेही त्यांनी बजावले.

ज्ञानकोशाला मात्र ही बंदी परवडत नाही, कारण त्याचा विषय बदलता असतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड 1976 मध्ये निघाला. छापील खंडातील मजकूर पुढील आवृत्तीपर्यंत तसाच राहतो. म्हणून विश्वकोश संगणकावर आल्यानंतर विषयवार ज्ञानमंडळे स्थापन झाली. जुन्या नोंदी अद्ययावत करणे आणि नव्या लिहिणे, दोन्ही कामे त्यांच्याकडे आली.

नवी नोंद केव्हा करावी? ‘वाराणसी’च्या नोंदीत घाटाचा परिच्छेद इतका वाढला की शहराची माहितीच झाकोळली, आणि प्रत्येक विधानास ग्रंथाचा आधार मिळाला, तर घाटाला स्वतंत्र पान द्यावे व जुन्या नोंदीत त्याचा दुवा ठेवावा. तोपर्यंत मिनारांविषयीचे एक वाक्य भूतकाळात नेणे, हेच त्या दिवसाचे काम.