हिरव्यावर भाळू नकोस

मनू, तुझी पॉम फाइल पाहिली. ग्रूव्ही आहे, टेस्ट लिहायला स्पॉक आहे, प्लगइन आहे, फोल्डरही जागच्या जागी आहे. बिल्ड हिरवा येतोय म्हणून तू खूश आहेस, ते तुझ्या मेसेजमधल्या उद्गारचिन्हांवरून कळलंच. आता एक कर. टर्मिनलवर जरा वर सरक आणि ‘टेस्ट्स रन’ने सुरू होणारी शेवटची ओळ वाच. तिथला आकडा आणि स्पॉक आणायच्या आधीचा आकडा सारखाच आहे की नाही? म्हणजे तुझ्या नव्या टेस्टपैकी एकही चाललेली नाही.

घाबरू नकोस, आणि लगेच सिनिअरकडे पळूही नकोस. जावाच्या प्रोजेक्टात ग्रूव्हीसारख्या दुसऱ्या भाषेतल्या टेस्ट आणणाऱ्यांना बिल्ड चालवणारा मेव्हन हमखास इथेच गाठतो. त्याला टेस्ट सापडली नाही तर तो तक्रार करत नाही. त्याच्या लेखी ती नव्हतीच, आणि जी नव्हती ती नापास कशी होणार?

हे का होतं ते एकदा शांतपणे ऐकून घे. नाहीतर नेटवरून एक तुकडा उचलशील, तो चालेल, आणि का चालला ते तुलाही सांगता येणार नाही.

मेव्हनमध्ये टेस्ट चालवण्याचं काम शुअरफायर या प्लगइनकडे असतं. तो आधी क्लासचं नाव बघतो. नावाची सुरुवात ‘टेस्ट’ने झाली, किंवा शेवट ‘टेस्ट’, ‘टेस्ट्स’ नाहीतर ‘टेस्टकेस’ने झाला, तरच तो क्लास यादीत येतो. स्पॉकवाल्यांची रीत मात्र नावाच्या शेवटी ‘स्पेक’ लावायची. तू ‘जीएसटीकॅल्क्युलेटरस्पेक’ असं शिस्तीत नाव दिलंस, आणि शुअरफायरने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इंटेलिजेमध्ये तीच टेस्ट छान चालते, कारण तिथे बाजूचं हिरवं बटण दाबलं की शुअरफायर मध्ये येतच नाही. ‘माझ्या मशीनवर तर चालतं’ हे वाक्य जन्माला येतं ते असं.

उपाय सोपा आहे: शुअरफायरच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘इन्क्लूड्स’ लिहायचे आणि त्यात स्पेकचा पॅटर्न द्यायचा. पण बाई गं, इथे दम धर. स्वतःचे इन्क्लूड्स लिहिलेस की शुअरफायरचे मूळचे पॅटर्न गळून पडतात. म्हणजे तुझ्या स्पेक चालू होतील आणि टीमच्या आजवरच्या सगळ्या जेयुनिट टेस्ट त्याच क्षणी बंद पडतील. बिल्ड तेव्हाही हिरवाच असेल. म्हणून यादीत ‘टेस्ट’वाले जुने पॅटर्नही आठवणीने लिही. आणि पॅटर्नच्या शेवटी ‘.जावा’ दिसलं तर गोंधळू नकोस. फाइल ग्रूव्हीची असली तरी शुअरफायर कंपाइल होऊन तयार झालेल्या क्लास फाइलीच शोधतो, तिथे मूळ भाषा कोणती याला महत्त्व नसतं.

शुअरफायरची आवृत्तीही स्वतःच्या हाताने लिही. मेव्हन ३.८ पर्यंत पॉममध्ये आवृत्ती दिली नाही तर २.१२.४ हा जुनाट शुअरफायर येतो. स्पॉक २ हा जेयुनिट प्लॅटफॉर्मवर चालतो, आणि तो प्लॅटफॉर्म शुअरफायरला २.२२.० पासून कळायला लागला. म्हणजे नाव बरोबर, पॅटर्न बरोबर, तरी टेस्ट शून्य. तुमच्याकडे जेयुनिट ४ च्या टेस्ट शिल्लक असतील तर त्यांच्यासाठी जेयुनिट व्हिंटेज इंजिनही डिपेन्डन्सीत घाल. एकदा प्लॅटफॉर्मच्या वाटेने गेलं की त्या जुन्या टेस्ट त्याशिवाय उचलल्या जात नाहीत.

‘फेल इफ नो टेस्ट्स’ नावाचं एक सेटिंग आहे, ते कुणीतरी तुला सुचवेलच. लाव, वाईट काही नाही. पण ते फक्त एकही टेस्ट न सापडल्यावर ओरडतं. जुन्या टेस्ट चालू आहेत आणि नव्या नाहीत, या तुझ्या दुखण्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा मी सांगते ते कर. सेटअप झाला असं म्हणायच्या आधी एक मुद्दाम खोटी टेस्ट लिही: एक बरोबर दोन. बिल्ड फुटलेला डोळ्यांनी बघ, आधी तुझ्या लॅपटॉपवर आणि मग सीआय सर्व्हरवर. लाल दिसल्याशिवाय पुढची ओळ लिहायची नाही.

आता कंपाइलचं. जावाचा कंपाइलर ग्रूव्हीकडे बघतही नाही, म्हणून जीमेव्हनप्लस प्लगइन लागतो. त्याच्या उदाहरणात गोल्सची लांबच लांब यादी असते आणि लोक ती जशीच्या तशी डकवतात. तुमचा मुख्य कोड शुद्ध जावा आहे ना? मग ‘अ‍ॅड टेस्ट सोर्सेस’ आणि ‘कंपाइल टेस्ट्स’ हे दोन पुरेत. स्टब तयार करणारे गोल्स लागतात ते जावातली टेस्ट ग्रूव्हीतल्या क्लासवर अवलंबून असेल तेव्हा. तशी वेळच येऊ देऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रूव्हीच्या टेस्टनी जावाकडे बघावं, उलट नको. फाइली मात्र सोर्स, टेस्ट, ग्रूव्ही याच फोल्डरमध्ये ठेव. घाईत एखादी ग्रूव्ही फाइल शेजारच्या जावा फोल्डरमध्ये पडली तर ती कंपाइलच होत नाही, आणि याबद्दलही कुणी हूं की चूं करत नाही.

नेटवरच्या उत्तरांबाबत थोडं जपून. ग्रूव्ही २००३ पासून आहे आणि मधल्या काळात तिचं घर बदललं. कोडहाउस हे तिचं जुनं घर २०१५ मध्ये बंद झालं आणि त्याच वर्षी ग्रूव्ही अपाचेकडे गेली. पण डिपेन्डन्सीचा ग्रुप आयडी बदलला तो ग्रूव्ही ४ पासून. म्हणून जुन्या उत्तरात ‘ऑर्ग.कोडहाउस.ग्रूव्ही’ दिसेल आणि तुला हवं आहे ‘ऑर्ग.अपाचे.ग्रूव्ही’. दोन्ही एकाच पॉममध्ये शिरले तर दोन ग्रूव्ही एकमेकींच्या उरावर बसतील. गंमत म्हणजे जीमेव्हनप्लसच्या ग्रुप आयडीत अजूनही कोडहाउसच आहे, आणि ते बरोबर आहे. सुधारायला जाशील तर प्लगइनच सापडणार नाही.

स्पॉकच्या आवृत्तीला शेपूट असतं, ‘२.३-ग्रूव्ही-४.०’ असं. ते शेपूट आणि तुझी ग्रूव्ही जुळली नाही तर स्पॉक कंपाइललाच अडून बसतो आणि कारणही नीट सांगतो. असा भांडखोर स्वभाव मला मेव्हनच्या मुकेपणापेक्षा शंभर पटींनी आवडतो. दुसरी एक एरर येईल, ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’. ६१ म्हणजे जावा १७, ६५ म्हणजे जावा २१. अर्थ एवढाच की तुमची जावा नवी आणि ग्रूव्ही म्हातारी. ग्रूव्ही वर ने.

ग्रूव्ही आणि स्पॉक दोघांनाही टेस्ट स्कोप दे. ‘प्रॉडक्शनमध्ये नवी भाषा कशाला?’ असा प्रश्न रिव्ह्यूत येणारच. त्याला हेच उत्तर आहे: ग्राहकाकडे जाणाऱ्या जारमध्ये तिचा एक बाइटही जात नाही.

ग्रेडलवर असतीस तर यातलं बरंचसं सांगावंच लागलं नसतं. ग्रूव्हीचा प्लगइन लावायचा, ‘यूज जेयुनिट प्लॅटफॉर्म’ लिहायचं, झालं. ग्रेडल क्लास उघडून बघतो, नावावर जात नाही. मला तोच जास्त आवडतो. पण केवळ टेस्टसाठी अख्ख्या टीमचा बिल्ड बदलायला निघालीस तर मी तुझ्या बाजूने उभी राहणार नाही, आधीच सांगते.

एवढा खटाटोप कशासाठी, हे तुला ठाऊक आहे, पण रिव्ह्यूत सांगता यायला हवं. स्पॉकची खरी कमाई म्हणजे ‘व्हेअर’खालचं टेबल. एका ओळीत रक्कम, उभी रेघ, सीजीएसटी, उभी रेघ, एसजीएसटी. नवी केस म्हणजे नवी ओळ, बाकी कोड तोच. स्पॉक २ मध्ये प्रत्येक ओळ आपोआप वेगळी टेस्ट म्हणून मोजली जाते. आणि टेस्ट फुटली की नुसतं ‘अपेक्षित हे, मिळालं ते’ एवढ्यावर भागत नाही. अटीतल्या प्रत्येक तुकड्याची किंमत स्पॉक त्याच्या खाली मांडून दाखवतो. डीबगर न लावता चूक दिसते. (स्पॉकवाल्यांच्या माहितीपानावर प्रेरणास्थानांच्या यादीत जेयुनिट आणि आरस्पेकच्या पंगतीला व्हल्कनही बसवलेत. असली माणसं मला आवडतात.)

पण ग्रूव्ही लाडावलेली भाषा आहे, आणि पैशाच्या टेस्टमध्ये तिचे लाड महागात पडतात. जावात बिगडेसिमलचं ९ आणि ९.०० ‘इक्वल्स’ने ताडून बघितलं तर उत्तर ‘नाही’ येतं, कारण दशांशस्थळं वेगळी. ग्रूव्हीत == लिहिलंस की ती फक्त किंमत बघते आणि ‘हो’ म्हणते. म्हणजे तुमचा कोड ९.००० परत देत असेल, बिलावर तसंच छापलं जात असेल, तरी तुझी टेस्ट पास. दशांशस्थळं महत्त्वाची असतील तर ‘स्केल’ वेगळा तपास. तसंच पाच भागिले दोन जावात दोन, ग्रूव्हीत अडीच. म्हणून अपेक्षित उत्तर टेस्टमध्ये सूत्र लिहून काढू नकोस. कागदावर काढ आणि टेबलात आकडाच टाक.

स्पॉकच्या ‘देन’ भागात ‘ईच’ लावून आत अट लिहिलीस तर ती तपासली जात नाही. वरवर सगळं व्यवस्थित दिसतं आणि आतली अट नुसती सजावट असते. ‘एव्हरी’ वापर, नाहीतर आत ‘असर्ट’ लिही. == च्या जागी चुकून एकच = पडलं तर मात्र स्पॉक कंपाइललाच पकडतो, तिथे निर्धास्त राहा. मॉक करायचा तो इंटरफेसचा कर. क्लासचा करायचा तर बाइट बडी ही लायब्ररी लागते, आणि लागते म्हणजे बहुधा तुमच्या डिझाइनचंच काहीतरी दुखतंय.

आणि हो, ग्रूव्हीला ‘प्रायव्हेट’चं फारसं सोयरसुतक नाही. टेस्टमधून आतली फील्ड सरळ वाचता येतात. शेजारणीचं दार उघडं दिसलं म्हणून आपण तिच्या फडताळात हात घालतो का? तसंच इथे. आज सोयीचं वाटेल, आणि कुणी त्या फील्डचं नाव बदललं की वर्तन तेच असूनही तुझ्या टेस्ट कोसळतील. मग ‘ही ग्रूव्हीची कटकट’ म्हणून बोट भाषेकडे जाईल.

टीममध्ये हे मांडताना जुन्या जेयुनिट टेस्टना हात लावायचा नाही. त्या कुणीतरी मन लावून लिहिल्यात, चालतायत, चालू देत. पहिली पुल रिक्वेस्ट नुसत्या सेटअपची कर, एका चिमुकल्या स्पेकसकट. आधीच्या आणि नंतरच्या टेस्टचे आकडे वर्णनात लिही, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला तुझ्या शब्दावर विसंबावं लागणार नाही. जीएसटीच्या टेस्ट दुसऱ्या रिक्वेस्टमध्ये. दोन्ही एकत्र आणल्यास की सिनिअर भाषेवर वाद घालत बसेल आणि हिशेब कुणीच वाचणार नाही.

वाचायला तर हवाच. तुझ्या टेबलात हजार, पाचशे असल्या गोंडस रकमा आहेत, त्या कधीच फुटणार नाहीत. ९९.९५ ची ओळ घाल. १८ टक्के म्हणजे १७.९९१, पैशांत १७.९९. आता सीजीएसटी आणि एसजीएसटीचे नऊ-नऊ टक्के वेगळे काढ: प्रत्येकी ८.९९५५, म्हणजे ९.००, दोन्ही मिळून १८.००. एक पैसा कुठून आला? तुमचा कोड आधी बेरीज करून पूर्णांकन करतो की आधी पूर्णांकन करून बेरीज, हे त्या ओळीत उघडं पडेल.

यातलं बरोबर कोणतं, ते तू ठरवायचं नाहीस आणि तुझ्या सिनिअरनेही नाही. ते टेबल घेऊन अकाउंट्समधल्या मॅडमकडे जा. त्यांना ग्रूव्ही येत नसली तरी रक्कम, सीजीएसटी, एसजीएसटी अशा ओळी त्या तुझ्याहून भरभर वाचतील, आणि तुला न सुचलेल्या आणखी चार ओळी सांगतील. फक्त महिनाअखेरीला जाऊ नकोस, आणि प्रिंट काढून ने.