बहात्तर धावांची राखण

पौषाच्या दिवसांत वर्धा जिल्ह्यातील शेतकरी रात्री घरी क्वचितच निजतो. कापसाची शेवटली वेचणी चालू असते, तूर कापणीला आलेली असते आणि हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात. अंधार पडताच रानडुकरांचे व हरणांचे कळप शेतात शिरतात. म्हणून घोंगडी पांघरून, शेकोटी पेटवून, मधूनमधून डबा वाजवीत त्याला पिकाची राखण करावी लागते. या राखणीला इकडे जागली असे म्हणतात. पीक सोळा आणे आलेले असो की चार आणे, जागलीची रात्र सारखीच लांब असते. किंबहुना पीक थोडे असले म्हणजे डोळ्यांत अधिकच तेल घालावे लागते. कारण त्यातील थोडेसे गेले तरी हाती काहीच उरत नाही.

२०२३ सालच्या जानेवारीत, ऐन जागलीच्या दिवसांत, अकरा खेळाडूंनी क्रिकेटच्या मैदानावर अशीच एक राखण केली. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी ही गावे मागे पडली की पुढे रस्त्यालगत जामठा लागते. तेथे विदर्भ क्रिकेट संघटनेचे भव्य क्रीडांगण आहे. राखण करणारा संघ विदर्भाचा होता आणि त्याच्यापाशी राखावयास होत्या अवघ्या बहात्तर धावा.

या संघाची पूर्वकथा समजल्यावाचून त्या दिवसाचे मोल कळणार नाही. नवानगरचे थोर फलंदाज रणजितसिंहजी यांच्या नावाने भारतातील प्रांतोप्रांतीच्या संघांची जी स्पर्धा भरते, तिला रणजी करंडक स्पर्धा म्हणतात. ती १९३४-३५ साली सुरू झाली. विदर्भाचा स्वतंत्र संघ तीत उतरला तो १९५७-५८ साली. त्यानंतर साठ वर्षे विदर्भाला करंडक तर मिळाला नाहीच, पण अंतिम सामन्यापर्यंतही पोहोचता आले नाही. मुंबईसारखे बलाढ्य संघ वर्षामागून वर्षे करंडक नेत होते. विदर्भाचे नाव मात्र वृत्तपत्राच्या क्रीडापानावर कोपऱ्यात, बारीक अक्षरांत छापले जाई.

खेळाडूंची या भूमीत वाण होती असे मात्र नव्हे. १९३२ साली भारताने आपला पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हा संघाचे नेतृत्व करणारे कर्नल सी. के. नायडू हे जन्माने नागपूरचे. परंतु त्यांच्या कीर्तीचा मोठा काळ इंदूरच्या होळकर संघात गेला. गुणी माणसाला दुसऱ्या प्रांताने बोलावून न्यावे आणि त्याच्या गावाने दुरून त्याचे कौतुक करावे, हे खेळाच्या जगात पूर्वीपासून चालत आलेले आहे.

मग १ जानेवारी २०१८ हा दिवस उजाडला. योगायोग असा की, इंदूरच्याच होळकर क्रीडांगणावर विदर्भाने दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक प्रथमच जिंकला. फैज फझल हा कर्णधार होता. चंद्रकांत पंडित हे मार्गदर्शक होते. त्या अंतिम सामन्यात वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानी याने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, तर यष्टिरक्षक अक्षय वाडकर याने १३३ धावा काढल्या. मुंबईचा अनुभवी फलंदाज वसीम जाफर त्या वेळी विदर्भाकडून खेळत होता. म्हणजे या वेळी बाहेरचा गुणी माणूस विदर्भाकडे आला होता! पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, विदर्भाने जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक आपल्याकडेच राखला. या दुसऱ्या अंतिम सामन्यात डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने अकरा गडी टिपले. त्याचे नाव ध्यानात ठेवावे. या कथेत ते पुन्हा येणार आहे.

दोन वर्षांत दोन करंडक! आता यशाला खीळ बसणार नाही असे साऱ्यांना वाटले. गावोगावी मुले तुराट्यांच्या यष्ट्या रोवून ‘मी गुरबानी’, ‘मी सरवटे’ म्हणत खेळू लागली. पण खेळाची लक्ष्मीही चंचलच. २०१९-२० साली गतविजेत्या विदर्भाला उपांत्यपूर्व फेरीदेखील गाठता आली नाही. त्यापुढल्या वर्षी करोनाच्या साथीमुळे ही स्पर्धाच भरली नाही. १९३४-३५ पासून असे प्रथमच घडले. २०२१-२२ साली स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हाही विदर्भ साखळीतच अडकून पडला. ज्यांनी दोन वेळा विजयाचे पेढे वाटले होते, ते आता सकाळी वृत्तपत्र उघडीत आणि गुणांचा तक्ता पाहून मुकाट्याने मिटून ठेवीत.

हरणाऱ्या संघावर प्रेम करणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. विजयी संघाला चाहते आपोआप मिळतात. शाळेत त्याच्याविषयी बोलताना मान ताठ राहते. पडत्या संघाचा चाहता मात्र एकटा पडतो. ‘काय झाले तुझ्या संघाचे?’ असे सोबती हसून विचारतात आणि त्याला उत्तर सुचत नाही. तरीही दुसऱ्या दिवशी तोच मुलगा सर्वांआधी धावफलक पाहतो. असे का होते, हे त्यालाही नीट सांगता येणार नाही. आपल्या मातीतील माणसे खेळत आहेत, एवढे कारण त्याला पुरेसे असते.

२०२२-२३ चा हंगाम असाच उदास होता. त्या वर्षी विदर्भाच्या गटात मध्य प्रदेश, पंजाब, गुजरात, रेल्वे, जम्मू-काश्मीर, चंडीगड व त्रिपुरा असे आणखी सात संघ होते. प्रत्येकाशी चार दिवसांचा एकेक सामना खेळावयाचा आणि आठांपैकी पहिल्या दोघांनीच पुढील फेरीत जावयाचे, असा नियम होता. निर्णायक विजयाला सहा गुण मिळत. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्यास तीन आणि मागे पडणाऱ्यास एक गुण मिळे. पराभूताच्या पदरी शून्य. एक डाव फसला तरी सारा हिशेब विस्कटावा, असा हा मामला होता.

१७ जानेवारी २०२३ रोजी जामठ्यावर गुजरातविरुद्ध सामना सुरू झाला, तो मुळी डाव फसूनच. विदर्भाचा सगळा संघ ७४ धावांत गारद झाला. सुमारे पंचेचाळीस हजार प्रेक्षक बसू शकतील असे ते क्रीडांगण. पण रणजी सामन्याला तेथे येणारे लोक मोजकेच असतात. त्यांतील कित्येकांना ही दशा पाहून घरी परतावेसे वाटले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. गुजरातने २५६ धावा केल्या, म्हणजे १८२ धावांची आघाडी घेतली. दुसऱ्या डावात विदर्भाने जरा धीर धरला. यष्टिरक्षक जितेश शर्मा याने ६९ धावा काढल्या आणि संघाने कशीबशी २५४ पर्यंत मजल मारली. त्यांतून पिछाडीच्या १८२ वजा केल्या, तर शिल्लक उरल्या बहात्तर. गुजरातला जिंकण्यासाठी त्र्याहत्तर धावा हव्या होत्या. हाताशी दहा गडी होते आणि वेळेची तर मुळीच टंचाई नव्हती.

एवढ्या धावा म्हणजे काहीच नव्हे. एखादा फलंदाज नीट टिकला तर तो एकटाच तेवढ्या काढून मोकळा होतो. रणजी स्पर्धेच्या साऱ्या इतिहासात इतके लहान लक्ष्य देऊन कोणताही संघ जिंकला नव्हता. जुना विक्रम बिहारच्या नावावर होता. १९४८-४९ साली बिहारने दिल्लीपुढे ७८ धावांचे लक्ष्य ठेवून सामना जिंकला होता. त्या गोष्टीला आता सत्तरांहून अधिक वर्षे लोटली होती.

परंतु लहान लक्ष्याची एक गंमत असते. मोठे लक्ष्य असले की काय करावयाचे ते फलंदाजाला स्पष्ट ठाऊक असते. लहान लक्ष्यापुढे मात्र त्याचे मन द्विधा होते. झटपट फटके मारून मोकळे व्हावे, की एकेक धाव जोडीत सावकाश जावे? या विचारात दोनतीन गडी बाद झाले की जिंकणे सोपे असल्याचीच धास्ती वाटू लागते. कारण सोपे काम बिघडले तर लोक अधिक हसतात. त्यात खेळपट्टी फिरकीला साथ देणारी असली म्हणजे पाहावयासच नको. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडताच उजव्या हाताच्या फलंदाजापासून बाहेरच्या बाजूला वळतो. आता वळेल म्हणून बॅट बाहेर न्यावी, तो एखादा चेंडू सरळच आत येतो आणि यष्टी उडवतो किंवा पायावर आदळतो. कोणता चेंडू वळणार व कोणता सरळ येणार, हे ओळखता आले नाही की फलंदाज जागच्या जागी खिळतो.

विदर्भाकडे असे दोन गोलंदाज होते. एक आदित्य सरवटे. दुसरा हर्ष दुबे. वय वीस वर्षांचे, रणजी सामन्यांचा त्याचा तो पहिलाच हंगाम. सरवटे मुरलेला, दुबे कोवळा. दोघांचाही हात डावा. त्या दोघांनी मिळून गुजरातच्या डावाला सुरुंग लावला. एक गडी गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पाहता पाहता धावफलकावरील गड्यांचा आकडा वाढत चालला आणि धावांचा आकडा रांगू लागला. सरवटे याने अवघ्या १७ धावांत सहा गडी बाद केले, दुबे याने तीन. सामन्याचा तो तिसराच दिवस होता, १९ जानेवारी. गुजरातचा संपूर्ण संघ ५४ धावांत बाद झाला. विदर्भाने अठरा धावांनी सामना जिंकला आणि बिहारचा तो जुना विक्रम मोडला.

या ठिकाणी गोष्ट संपवली असती तर ती फारच गोड झाली असती. पण घडले ते निराळे. या विजयाचे विदर्भाला नियमाप्रमाणे सहाच गुण मिळाले. विक्रमासाठी गुणांच्या तक्त्यात वेगळा रकाना नसतो. साखळी संपली तेव्हा गटातून मध्य प्रदेश आणि पंजाब हे दोन संघ पुढे गेले व विदर्भ मागे राहिला. त्या वर्षीचा करंडक सौराष्ट्राने बंगालला हरवून पटकावला. हंगामाचा गोषवारा लिहिणाऱ्याने विदर्भापुढे ‘साखळीत बाद’ एवढेच दोन शब्द लिहिले असते आणि ते खोटे ठरले नसते. मात्र त्या गुरुवारी जामठ्याला जे मोजके लोक बसून राहिले होते, त्यांनी जे पाहिले ते करंडक जिंकणाऱ्या सौराष्ट्राच्या चाहत्यांनाही पाहावयास मिळाले नव्हते.

पुढल्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, विदर्भ संघ पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत गेला. मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या वानखेडे क्रीडांगणावर मुंबईने त्याच्यापुढे ५३८ धावांचा डोंगर उभा केला. पहिल्या डावात १०५ धावांत कोसळलेला हा संघ दुसऱ्या डावात ३६८ धावांपर्यंत झुंजला. कर्णधार वाडकर याने शतक ठोकले आणि त्याच्या जोडीला पाचव्या दिवशी सकाळी उभा होता तो हर्ष दुबे. त्याने ६५ धावा काढल्या. विदर्भ १६९ धावांनी हरला खरा. पण सामना पाचव्या दिवसापर्यंत ओढत नेऊन हरला.

त्याच्याही पुढल्या हंगामात हर्ष दुबे याने ६९ गडी बाद केले. रणजी स्पर्धेच्या एका हंगामात इतके गडी तोवर कोणीही बाद केले नव्हते. उपांत्य सामन्यात विदर्भाने जामठ्यावर मुंबईला ८० धावांनी हरवून मागील वर्षीचे उट्टे काढले. २६ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच मैदानावर केरळविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला. विदर्भाने पहिल्या डावात ३७९ धावा केल्या. त्यांपैकी १५३ एकट्या दानिश मालेवार या तरुणाच्या होत्या. केरळने चिवटपणे उत्तर दिले. त्यांचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर बाद झाला. त्याच्याखेरीज एक डावखुरा फलंदाज खेळपट्टीवर पाय रोवून उभा होता आणि त्याने ७९ धावा केल्या. तो होता आदित्य सरवटे.

सरवटे त्या हंगामापासून केरळकडून खेळू लागला होता. नायडू नागपूरचे असून इंदूरला गेले, जाफर मुंबईचा असून विदर्भाकडे आला, तसाच सरवटे आता केरळचा झाला होता. ज्या मैदानावर त्याने विदर्भाच्या बहात्तर धावांची राखण केली, त्याच मैदानावर तो विदर्भाची आघाडी खाऊन टाकावयास निघाला होता. त्याने चौकार मारला की टाळ्या वाजवाव्यात की नाही, असा पेच वर्ध्या-नागपुराकडील प्रेक्षकांना पडला असल्यास नवल नाही.

केरळचा डाव ३४२ वर संपला. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर २ मार्च २०२५ रोजी विदर्भाला तिसऱ्यांदा करंडक मिळाला. विजयी संघात हर्ष दुबे होता. दोन वर्षांपूर्वी त्याच मातीवर दुसऱ्या टोकाने चेंडू टाकणारा त्याचा जोडीदार त्या दिवशी पराभूत संघात उभा होता.