रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतण्यापूर्वी

सुरतेत पाणी काही गोठत नाही, मग कूलंटवर पैसे कशाला घालवायचे, हा प्रश्न उधना, लिंबायत, डिंडोली भागातल्या आपल्या गाडीवाल्यांकडून नेहमी ऐकू येतो. वरवर पाहता त्यात चूक दिसत नाही. गोठू न देणं हा कूलंटचा एक गुण आहे आणि इथे त्याची गरज नाही, हे मलाही मान्य आहे. पण आपल्या उपयोगाचे गुण वेगळेच आहेत: ते उशिरा उकळतं आणि धातूला गंज लागू देत नाही. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं शुद्ध पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं; टोपणाने १ बारच्या आसपास दाब धरला, की १२५ अंशांपर्यंतही ते उकळत नाही. इंजिन एरवी ९० अंशांच्या आसपास चालतं. मे महिन्यात माणसं आणि सामान भरून, एसी लावून आपण धुळ्याकडे निघतो, नवापूर सोडून कोंडाईबारीचा घाट चढतो, बाहेर चाळीसच्या वरचं ऊन असतं. त्या चढावर हाच फरक इंजिनाला सांभाळून घेतो.

गॅरेजवाले म्हणतात, साधं पाणीच जास्त उष्णता वाहून नेतं. ते खरं आहे, भौतिकशास्त्रही तेच सांगतं. मात्र हा हिशेब शुद्ध पाण्याचा आहे, आणि रेडिएटरमध्ये जातं ते बोअरचं. सुरत तापीच्या मुखाजवळ वसलेली. किनाऱ्याकडच्या भागांत भूजल खारट आणि जड. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो. तो उष्णता अडवतो, नळ्या अरुंद करतो. क्षारांतलं क्लोराइड ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं, आणि आजचे रेडिएटर बहुतेक ॲल्युमिनियमचेच असतात. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण गंज रोखणारी रसायनं त्यातही नसतात. हा बिघाड महिनोन्‌महिने मुकाट्याने वाढतो, म्हणून "आजवर काही झालं नाही" हा पुरावा मला पटत नाही. हेड गॅस्केट गेलं किंवा हेड वाकलं, तर येणाऱ्या खर्चापुढे कूलंटचा डबा फारच स्वस्त.

काट्यावर भरवसा ठेवू, असंही काही जण म्हणतात. पाणी फार उतरलं, की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि इंजिन भाजत असताना काटा खोटं सांगू शकतो. सीएनजीच्या गाड्यांत तर गॅसचा रिड्यूसर याच गरम कूलंटवर ऊब घेतो. ते कमी पडलं तर रिड्यूसर गारठतो आणि गाडी अडखळते. म्हणून टाकीतली पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर नुसतं भरत राहू नका, गळती शोधायला लावा. रंगावर जाऊ नका: दोन कंपन्यांचं हिरवं कूलंट एकच असेल असं नाही, आणि भलतंच मिसळलं तर त्याचा गाळ होऊ शकतो. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच घ्या. घट्ट कूलंट आणलं असेल, तर त्यात बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी घाला. पांडेसरा-सचिनसारख्या भागात रोज फिरणाऱ्या गाडीत एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये धूळ दाटते, ती हलक्या धारेने धुऊन घ्या. वाटेत अडचण आली तर मिळेल ते पाणी घालून घरी या, त्यात गैर काही नाही. मात्र नंतर सगळं काढून, धुऊन नवं भरा. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड आणि जहरी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

गरम इंजिनाचं टोपण कधीही उघडू नका, दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर उडतं. गावाकडे निघण्याआधी सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून टाकीतली पातळी एकदा पाहाच.