थाळी वाजवली, तो वळला



येत्या रविवारी पहिल्या मिस्सानंतर आम्ही दोघे नवरा-बायको चर्चच्या आवारातून निघून अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंत चालत जाणार आहोत. दर किलोमीटरमागे कोणी ५ रुपये, कोणी ५० रुपये द्यायचे कबूल केले आहे. लहान मुलांच्या वाढीतील अडचणी वेळीच ओळखून उपचार व्हावेत, यासाठी हे पैसे आहेत. पण त्याआधी आमची चूक सांगतो.

आमचा धाकटा दोन वर्षांचा झाला तरी 'आई' म्हणत नव्हता. मुलगे उशिराच बोलतात, त्याचा काकाही उशिरा बोलला, असे घरातली मोठी माणसे म्हणत आणि आम्हालाही ते ऐकून बरे वाटे. एकदा मनात शंका आली, म्हणून त्याच्या पाठीमागे उभे राहून थाळी वाजवली. तो लगेच वळला. झाले! आम्ही निर्धास्त झालो. त्या थाळीपायी दहा महिने वाया गेले.

ही परीक्षा फसवी असते. कमी ऐकू येणाऱ्या पुष्कळ मुलांना मोठा आवाज ऐकू येतो, पण बोलण्यातली हलकी अक्षरे, म्हणजे स, श, फ यांसारखी, निसटतात. मूल दचकते, हसते, वळते. शब्द मात्र अर्धाच पोहोचतो. जे पुरते ऐकलेच नाही, ते बोलणार कसे? तज्ज्ञांचा नियम असा आहे: पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. आमच्या मुलाचे निदान चौतिसाव्या महिन्यात झाले.

एवढी घाई कशासाठी? तिसऱ्या वर्षापर्यंत मेंदूची वाढ प्रौढाच्या सुमारे ८० टक्के झालेली असते. भाषेची वाट याच काळात सर्वांत सहज पडते. नंतरही मूल शिकते, पण कष्ट फार पडतात. हे आम्ही रोज पाहिले आहे.

ऐकण्याखेरीज आणखी खुणा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच देशांतील निरोगी मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या; त्यात दिल्लीतील मुलेही होती. जवळजवळ सर्व मुले सव्वानऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसली आणि १८ महिन्यांच्या आत एकटी चालू लागली. दोन वर्षांच्या मुलाने 'पाणी दे' असे दोन शब्द जोडायला हवेत. आणि येत असलेले शब्द मूल विसरू लागले, तर वय कितीही असो, थांबू नये.

जायचे कुठे? आधी बालरोगतज्ज्ञांकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुले तपासते. त्या दिवशी नातवंडाला घरी ठेवू नका. श्रवण व वाचेसाठी वांद्रे येथे केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. वसईहून थेट लोकल मिळते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना एडिप योजनेतून श्रवणयंत्रासाठी मदत मिळू शकते.

मग आमचे पैसे कशाला? उपचार स्वस्त असला, तरी आठवड्यातून दोनदा जाणे-येणे स्वस्त नाही. पाड्यावरच्या आईचा एका खेपेत दिवसाचा रोज बुडतो. तीन-चार खेपांनंतर ती येत नाही, आणि लोक तिलाच बेफिकीर म्हणतात! जमलेल्या रकमेतून अशा पालकांचे प्रवासभाडे द्यायचे आणि उरल्यास महिन्यातून एकदा स्पीच थेरपिस्टला आपल्या हॉलमध्ये बोलवायचे, असे ठरवले आहे. हिशेब सूचनाफलकावर लावू.

ज्यांना चालायचे आहे त्यांनी पाण्याची बाटली आणि टोपी आणावी. रस्ता सपाट आहे, बाबागाडी चालेल. ज्यांना चालणे झेपत नाही, त्यांनी शेजारच्या तान्ह्या बाळाच्या आईला श्रवणचाचणी झाली का, एवढे विचारावे. आमचा मुलगा आता पाच वर्षांचा आहे. तोही श्रवणयंत्र लावून बरोबर येणार आहे. वाटेत तो फार बडबड करतो, हे आधीच सांगून ठेवतो.