नवे संकेतस्थळ उभारण्यापूर्वी

पेढीची नवी पाटी रंगवावयाची झाली, तर आपण रंगाऱ्यास मजकूर कागदावर लिहून देतो. नाव कसे लिहावे, कानडी अक्षरे केवढी असावीत, मालाचा उल्लेख किती करावा, याचा खल घरी आधी होतो. संकेतस्थळ उभारताना मात्र हीच माणसे कारागिरास 'चांगलेसे काही तरी करून द्या' एवढेच सांगून मोकळी होतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून कंग्राळीकडील बाजार समितीच्या आवारात, उद्यमबागेत व निपाणीच्या पेठेत व्यवहार करणाऱ्या आमच्या बंधूंसाठी हा विषय येथे मांडण्याचे योजिले आहे.

संकेतस्थळ कोणी पाहावे, हा पहिला प्रश्न होय. उद्यमबागेतील ओतकामाच्या कारखान्याचे गिऱ्हाईक परगावचे असते. त्यास किती वजनाची ओतीव वस्तू येथे होते, यंत्रे कोणती आहेत, तपासणी कशी होते, हे हवे असते. मालकाच्या सत्कार-समारंभाची छायाचित्रे नकोत. शहापुरातील साड्यांच्या व्यापाऱ्यास छायाचित्रे अवश्य हवीत, परंतु ती दिवसाच्या उजेडात घेतलेली असावीत, नाहीतर रंगावरून तक्रार ठरलेलीच. आवारातील अडत्याने पत्ता, दूरध्वनी, कोणता शेतमाल घेतो व पट्टी केव्हा मिळते एवढे द्यावे. भाव रोज बदलणारा माणूस नसेल तर भाव देऊच नयेत; गेल्या महिन्याचा कांद्याचा भाव दाखविणारे पान पेढीची लाज काढते. निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांनी तर अधिक सावध असावे. तंबाखूजन्य वस्तूंच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष जाहिरातीस २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. तेव्हा मजकूर आधी वकिलास दाखवावा, मग कारागिरास द्यावा.

नावाचा प्रश्न आपल्या भागात विशेष नाजूक आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. रोमन लिपीतील जुने लेखन मात्र गिऱ्हाइकांच्या बोटांत अद्याप बसलेले आहे. त्यातच आपल्या 'ळ'ला रोमन लिपीत स्वतंत्र अक्षर नाही. त्यामुळे डोमेनमध्ये गावाचे नाव घालणे झाल्यास दोन्ही लेखनांची नोंदणी करावी व एक पत्ता दुसऱ्याकडे वळवून घ्यावा. आमच्या मते गावाचे नाव टाळून पेढीचे छोटे, एकदा ऐकून लिहिता येईल असे नाव घेणे अधिक शहाणपणाचे. २०१४ च्या ऑगस्टपासून देवनागरीत '.भारत' हा पत्ताही मिळू लागला आहे. तो हौसेने जरूर घ्यावा, पण एकट्या त्यावर विसंबू नये, कारण असे पत्ते सर्वच ठिकाणी स्वीकारले जात नाहीत.

आता आमचीच एक चूक सांगतो. आमच्या पेढीचे पहिले संकेतस्थळ एका ओळखीच्या तरुणाने करून दिले. डोमेनची नोंदणी त्याने आपल्याच नावे व आपल्याच ई-मेलवर केली, आणि आम्ही विचारले नाही. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ई-मेलवर जात राहिल्या, आणि एके दिवशी आमच्या नावाच्या पत्त्यावर कोणा परक्याच्या जाहिराती दिसू लागल्या. ते नाव आम्हांस परत मिळाले नाही. छापलेली बिलबुके, पिशव्या, कार्डे, सर्व रद्दीत गेले. त्या तरुणास आम्ही दोष देत नाही. दुकानाचा भाडेपट्टा दुसऱ्याच्या नावे करून देणाऱ्यासच दोष द्यावयाचा असतो. डोमेन, जागा व ई-मेल ही तिन्ही खाती पेढीच्या नावे असावीत आणि पासवर्ड मालकाजवळ असावेत, ही अट काम देण्यापूर्वीच लेखी ठरवावी.

मजकुराची भाषाही आधीच ठरवावी. आपल्याकडे मराठी, कानडी व इंग्रजी तिन्ही लागतात. पण तिन्ही अर्धवट ठेवण्यापेक्षा दोन नीट ठेवलेल्या बऱ्या. छापखान्यातील जुन्या फाँटमधला मजकूर मात्र तसाच उचलून देऊ नये. तो डोळ्यांस देवनागरी दिसतो, आत मात्र रोमन संकेत असतात, म्हणून शोधणाऱ्यास सापडत नाही. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी व कानडी दोन्ही लिप्या आहेत. मजकूर त्यातच टंकित करून घ्यावा. पान तपासताना संगणकापुढे न बसता साध्या मोबाइलवर, आवारात उभे राहून तपासावे. तेथे उघडावयास वेळ लागला, तर शेतकरी थांबत नाही.

संकेतस्थळावरून प्रत्यक्ष विक्री करावयाची असल्यास २०२० चे ई-वाणिज्य नियम पाहावेत. पेढीचे कायदेशीर नाव, पत्ता, माल परत घेण्याच्या अटी व तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव द्यावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एक महिन्यात व्हावयास हवे. हे जमणार नसेल, तर केवळ चौकशीचे पान ठेवणे बरे.

डोमेनचे नूतनीकरण एका वेळी दहा वर्षांपर्यंत करता येते. आम्ही आता दिवाळीच्या वहीपूजनानंतर नव्या वहीच्या पहिल्या पानावर, परवान्यांच्या तारखांखाली, त्याचीही तारीख लिहितो.