अल्डोस्टेरॉनरोधक औषधे आणि परिचारिकेची दक्षता

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून अल्डोस्टेरॉन हा अंतःस्राव रक्तात मिसळतो. तो सोडियम व पाणी शरीरात राखून ठेवतो आणि पोटॅशियम मूत्रावाटे बाहेर टाकतो. हृदय दुर्बल झाले किंवा यकृत कठीण होऊन आकसले, की हा स्राव प्रमाणाबाहेर वाढतो. पाय सुजतात, पोटात पाणी साचते. अशा वेळी स्पायरोनोलॅक्टोन अथवा एप्लेरेनोन देऊन त्याचे कार्य रोखले जाते. तीव्र हृदयदौर्बल्याच्या १,६६३ रुग्णांवरील अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्पायरोनोलॅक्टोनमुळे मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

औषधाचा धोकाही त्याच क्रियेतून उद्भवतो. बाहेर न टाकलेले पोटॅशियम रक्तात साठते. त्याचे स्वाभाविक प्रमाण लिटरमागे सुमारे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असते, ते ५.५ च्या वर गेल्यास डॉक्टर मात्रा कमी करतात वा औषध थांबवितात. हातापायांतील शक्ती जाणे, नाडी मंद वा अनियमित होणे ही लक्षणे खरी. परंतु पुष्कळदा कोणतेही लक्षण न दिसता हृदयाची गती बिघडते. म्हणून नाडी पाहून समाधान मानू नये. औषध सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात व पुन्हा महिन्याने रक्ततपासणी झाली की नाही, याची परिचारिकेने खात्री करून घ्यावी.

आजाऱ्यास शहाळ्याचे पाणी देण्याची कोकण-गोमंतकातील रीत एरवी चांगली; या रुग्णास मात्र ती घातक ठरू शकते, कारण त्यात पोटॅशियम विपुल असते. बाजारातील ‘कमी सोडियमचे’ मीठ त्याहून फसवे. त्यात पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते, आणि मीठ कमी करण्याचा सल्ला निष्ठेने पाळणारे कुटुंबच नेमके ते विकत आणते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारखी रक्तदाबाची औषधे आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या यांनीही पोटॅशियम वाढते. घरातील सर्व गोळ्या एकदा समोर मांडून पाहाव्यात.

वजन रोज सकाळी, लघवीनंतर व न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर घेऊन लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढल्यास डॉक्टरांस कळवावे. औषधाचा परिणाम दिसण्यास दोन-तीन दिवस लागतात, हे नातेवाइकांस आधीच सांगावे.

स्पायरोनोलॅक्टोनमुळे काही पुरुषांची छाती वाढते व दुखते. संकोचापोटी ते कोणास न सांगता गोळी सोडून देतात. ही विचारणा एकांतात करावी. एप्लेरेनोनने हा त्रास क्वचितच होतो. जुलाब वा उलट्या सुरू झाल्यास पुढील गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे.