नाव नसले तरी ओळख असते

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. ताप, कावीळ, विंचूदंश, रक्तदाब हे आपले नेहमीचे विषय. पण रोग जसा जंतूने पसरतो तसा तो भीतीनेही पसरतो. दवाखान्यात जाण्याची भीती, ओळखले जाण्याची भीती, खरे सांगण्याची भीती. ही भीती ज्या गोष्टींतून वाढते त्यांतली एक आज समजावून घेऊ. शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रीकडे जाऊन आलेले गिऱ्हाईक मोबाईलवरून तिच्याविषयी जे लिहिते, त्याबद्दल हा लेख आहे.

आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत उभे राहिले, की बहुतेकांच्या माना हातातल्या फोनवर झुकलेल्या दिसतात. त्यांत खलाशी आहेत, ट्रकचालक आहेत, मुंबई-पनवेलला कामाला असलेली आपली मुलेही आहेत. हॉटेलातले जेवण कसे होते, गाडी दुरुस्त करणारा कसा होता, हे आपण फोनवर लिहितो. त्याच सवयीने काही जण बाईविषयीही लिहितात. लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. मी नाव कुठे लिहिले, असे तो म्हणतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात एकाही रुग्णाची हकीकत नाही. आमच्यासारख्या खाडीकाठच्या गावात नाव बदलले तरी माणूस ओळखू येतो. कुठल्या बोटीवर होता, कुठल्या महिन्यात घरी आला, एवढे सांगितले तरी पुरते. म्हणून उदाहरणासाठी एक टिपण मीच रचले आहे. खऱ्या टिपणांचा साचा बहुधा असाच असतो.

एका टिपणाचा अभ्यास

"स्टेशनच्या मागच्या चाळीत राहते. वय पस्तिसच्या आसपास. बोलण्यात सोलापूरकडचा हेल. डाव्या मनगटावर गोंदण. दुपारी मुलगा शाळेत गेल्यावर भेटते. थोडे जास्त पैसे दिले तर निरोधशिवाय चालते. स्वभावाने चांगली."

यात नाव नाही, फोटो नाही, फोन नंबर नाही. शिवीगाळही नाही, उलट शेवटी स्तुतीच आहे. आता एकेक वाक्य पाहा.

चाळ, वय, हेल आणि गोंदण या चार गोष्टी एकत्र आल्या, की त्या चाळीत त्या वर्णनाची एकच बाई उरते. एकेक तपशील निरुपद्रवी असतो, पण त्यांची बेरीज म्हणजे पत्ता. गोंदण तर तिला बदलताही येत नाही.

दुसरे, मुलगा. तो या व्यवहारात कुठेच नव्हता, पण टिपणात आला. उद्या त्याच्या वर्गातल्या कुणाच्या थोरल्या भावाने हे वाचले, तर शाळेत काय होईल ते सांगायला नको.

तिसरे, वेळ. ती दुपारी घरात एकटी असते, ही माहिती गिऱ्हाइकाला जशी मिळते तशी चोराला, खंडणी मागणाऱ्याला आणि तिच्यावर राग धरून बसलेल्या माणसालाही मिळते.

चौथे आणि आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट वाक्य निरोधचे. ते खरे की खोटे हे कुणालाच माहीत नाही. पण ते वाचून पुढचा माणूस तीच मागणी करतो. ती नाही म्हणाली, की "त्याला चालले, मग मला का नाही?" असे ऐकवतो. शिवाय गिऱ्हाईक नाराज होऊन उद्या वाईट लिहील ही धास्ती असतेच. म्हणजे एका ओळीने तिची नाही म्हणण्याची ताकद काढून घेतली.

ही ताकद कशी उभी राहते ते सांगली जिल्ह्यात पाहायला मिळाले. 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून तेथील स्त्रियांच्याच हाती निरोध वाटपाचे आणि एकमेकींना समजावण्याचे काम दिले. १९९६ मध्ये त्या स्त्रियांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. त्यामागचा हिशेब साधा आहे. वस्तीतल्या सगळ्याजणी निरोधशिवाय नाही म्हणाल्या, तर गिऱ्हाइकाला दुसरे दार उरत नाही. टिपण लिहिणारा नेमके दुसरे दार उघडे असल्याचे जाहीर करतो. ते वाचून निरोध न वापरणारा पुरुष घरी परततो आणि त्याच्या बायकोला याची वार्ताही नसते.

पैसे दिले म्हणजे संमती मिळाली का?

संमती हा शब्द आम्हां डॉक्टरांच्या रोजच्या वापरातला. शस्त्रक्रियेच्या कागदावर रुग्ण सही करतो, ती त्या शस्त्रक्रियेपुरती. त्या सहीच्या जोरावर मी टेबलावर त्याचा फोटो काढून लोकांना दाखवू शकत नाही. त्याला वेगळे विचारावे लागते, आणि नको म्हणण्याचा त्याला हक्क असतो. हाच नियम येथेही लावून पाहा. तिने एका माणसाला, एका वेळेपुरते, काही गोष्टींना हो म्हटले. लिहिण्याला हो म्हटले नाही. फोटोला म्हटले असेल, तरी तो इतरांना पाठवण्याला म्हटलेले नाही.

कायदाही हेच म्हणतो. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या ३५४ क मध्ये, खासगी क्षणी स्त्रीचे चित्र टिपणे आणि ते पसरवणे हा गुन्हा आहे. चित्र काढायला संमती होती पण पसरवायला नव्हती, तरीही पसरवणे गुन्हाच, असे स्पष्टीकरण कलमातच आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे शिक्षा होऊ शकते. यात स्त्रीचा व्यवसाय कोणता, हे कायदा विचारत नाही.

मग गिऱ्हाइकाने काहीच बोलू नये का? स्वतःविषयी जरूर बोलावे. आपल्याला आजार झाला, भीती वाटली, फसवणूक झाली, हे त्याचे अनुभव आहेत. ते डॉक्टरला, समुपदेशकाला सांगावेत, फसवणूक झाली असेल तर पोलिसांना सांगावे. जेथे त्याची गोष्ट संपून तिचे घर, तिचे शरीर, तिचे मूल सुरू होते, तेथे थांबावे. काही स्त्रिया स्वतःच जाहिरात करतात आणि बरे लिहिलेले त्यांना हवेही असते. तो त्यांचा निर्णय. पण किती सांगायचे हे त्या ठरवतील, गिऱ्हाईक नव्हे. जी स्त्री दलालाच्या ताब्यात आहे तिची तर स्वतःची संमती कोणती हेच सांगता येत नाही. आणि वय अठराच्या आत असेल, तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. असे मूल कुठे आढळले, तर टिपण लिहीत बसू नये. १०९८ किंवा ११२ वर कळवावे.

हा प्रकार नवा नाही

मोबाईल नवा असला तरी वृत्ती जुनी आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये 'हॅरिसची यादी' नावाचे पुस्तक १७५७ पासून जवळजवळ चाळीस वर्षे निघत असे. त्यात शहरातल्या वेश्यांची वर्णने, पत्ते आणि दर छापलेले असत. आपल्याकडे सरकारनेच यादी केली. १८६८ च्या संसर्गजन्य रोग कायद्याने या स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. मुंबईतही तो लागू झाला. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची ना नोंद होती, ना तपासणी. अनेक स्त्रिया नोंदणी चुकवू लागल्या, आणि १८८८ मध्ये तो कायदा रद्द करावा लागला. ज्या यादीत नाव जाण्याची भीती असते, त्या यादीपासून माणूस पळतो. पळणारा माणूस उपचारापासूनही पळतो.

महाराष्ट्रातला एक खटला

या विषयातला महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातून गेलेल्या खटल्यात लागला. १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये भिवंडीचा एक पोलीस निरीक्षक गणवेशात एका बाईच्या झोपडीत रात्री शिरला आणि त्याने शरीरसंबंधाची मागणी केली. तिने नकार देऊन आरडाओरडा केला. पुढे चौकशीत बचाव असा, की बाई चालीची बरी नाही, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? उच्च न्यायालयाने तिची साक्ष मानली नव्हती. ऑक्टोबर १९९० मध्ये 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर नारायण मर्डीकर' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. बाईचे चारित्र्य कसेही असो, तिला खासगीपणाचा हक्क आहे, वाटेल तेव्हा वाटेल त्याने तिच्याकडे जावे असे नाही, आणि तेवढ्या कारणाने तिची साक्ष टाकून देता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क ठरवला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन तरुण स्त्रियांना सुधारगृहातून सोडताना सांगितले, की १९५६ च्या कायद्यात वेश्याव्यवसाय हाच स्वतंत्र गुन्हा म्हणून नाही. कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या कमाईवर जगणे, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे, छाप्याच्या बातमीत त्यांची ओळख उघड होऊ देऊ नये, आणि जवळ निरोध सापडला हा पुरावा धरू नये, असे निर्देश दिले. आमच्यासारख्या वर्तमानपत्रांनाही हे लागू आहे.

रोगाविषयी लिहिणे

टिपणात कधी "तिला रोग आहे" असेही असते. रोग चेहऱ्यावर दिसत नाही. एचआयव्ही रक्ततपासणीशिवाय कळत नाही. लिहिणाऱ्याला स्वतःला जंतुसंसर्ग झाला असेल, तरी तो कुणाकडून आला हे तपासणीशिवाय त्याला सांगता येत नाही. कदाचित तोच तो घेऊन गेला असेल. अशा ओळीने बाईची तपासणी होत नाही, ती फक्त गाव सोडते, आणि नव्या गावात दवाखान्याची पायरी चढत नाही.

याउलट दवाखान्यात सांगितलेले तेथेच राहते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार समजावून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि डॉक्टर, परिचारिका किंवा प्रयोगशाळेतील कुणी तुमचा अहवाल, कायद्याने सांगितलेले मोजके अपवाद सोडून, दुसऱ्याला सांगू शकत नाही. सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात ही तपासणी मोफत होते.

हे लक्षात ठेवा

*गिऱ्हाइकांसाठी:*
१. फोटो काढू नका, लिहू नका, आलेले पुढे पाठवू नका. पुढे पाठवणाराही जबाबदार असतो.
२. "निरोधशिवाय चालते" असे कुठे वाचलेत, तर तो धोक्याचा इशारा समजा. तसेच इतरही तेथे जाऊन आले आहेत.
३. निरोध फाटला किंवा वापरला नाही, तर वाट पाहू नका. एचआयव्ही टाळणारी औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. लघवीला जळजळ, जखम किंवा स्राव असेल, तर तपासणी करून घ्या आणि पत्नीलाही आणा.

*ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांच्यासाठी:*
१. घाबरून मजकूर पुसायला लावण्याआधी त्याचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवा. लिहिणाऱ्याशी वाद घालू नका, पैसे देऊ नका. एकदा दिले, की मागणी पुन्हा येते.
२. ज्या ठिकाणी मजकूर आला आहे तेथील तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. नग्न किंवा बनावट चित्र काढून टाकण्यासाठी २०२१ च्या नियमांनी २४ तासांची मुदत घातली होती. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रियांविरुद्धच्या अशा मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते.
३. स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी सरकारी कायदेशीर मदत मोफत आहे. आपल्या जिल्ह्याचे विधी सेवा प्राधिकरण अलिबागला आहे, दूरध्वनी १५१००.
४. झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर एकटे राहू नका. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७, संकटात स्त्रियांसाठी १८१.

*बाकी सर्वांसाठी:* असे टिपण फोनवर आले, तर "ही कोण असेल?" हा प्रश्न विचारू नका. तो प्रश्न चारचौघांत निघाला, की उत्तर शोधायला चार डोकी लागतात, आणि गाव लहान असेल तर संध्याकाळपर्यंत ते सापडते. टिपण पुसून टाका आणि पाठवणाऱ्याला तसे सांगा.